परमुलखातला शेजार आणि मनाचे आरोग्य



गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत मंडळाचा अहवाल, जमाखर्च, गुणवंत मुलांची नावे आणि दिवंगत सभासदांना श्रद्धांजली हे सारे असतेच. यंदा संपादक मंडळाने मला ‘भिलाईतील मराठी माणूस’ या विषयावर काही लिहा म्हणून सांगितले. कोण कधी आले, कुठल्या खात्यात लागले, कोणी कोणते नाटक बसवले हे माझ्यापेक्षा चांगले सांगू शकतील असे जाणकार आपल्यात आहेत. मी त्याच इतिहासाची थोडी वेगळी बाजू मांडणार आहे. घरादारापासून दूर आलेल्या माणसांचे मन कशाने सावरले आणि ते आधार आज कितपत उरले आहेत, हा माझा विषय. मी डॉक्टर नाही. प्लांटमधून निवृत्त होऊन वैशाली नगरात घर बांधून राहिलेला एक वाचक आहे. जे वाचले आणि जे डोळ्यांनी पाहिले ते ताडून पाहिले, एवढेच.

नवे गाव, नवे शेजारी

भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला. चार वर्षांनी, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या ब्लास्ट फर्नेसचे उद्घाटन झाले. करार झाला तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि दुर्ग भोपाळच्या बाजूला राहिले. नागपूरकडून इथे नोकरीला आलेला माणूस पावणेतीनशे किलोमीटरसुद्धा लांब आला नव्हता, पण कागदोपत्री परराज्यातला झाला होता. २००० साली छत्तीसगढ झाले आणि पत्ता पुन्हा एकदा बदलला.

तसे मराठी माणसाला हा मुलूख नवा नव्हता. नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करपंत १७४१ मध्ये रतनपूरवर चालून आले. पुढे बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरात राहून १७८७ पर्यंत कारभार पाहिला. पण ती मंडळी लवाजम्यासह आली होती. १९५५ नंतर आलेला तरुण एकटा आला, एक ट्रंक आणि वळकटी घेऊन. वर्षा-दोन वर्षांनी लग्न करून बायकोला घेऊन आला. ती बिचारी तर सासर-माहेर दोन्ही मागे ठेवून आली.

माझे वडील वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून असेच आले. क्वार्टरच्या एका बाजूला आंध्रचे कुटुंब, दुसऱ्या बाजूला बंगाली, समोर पंजाबी. कोणाचेच नातेवाईक इथे नव्हते. ज्यांच्या शेतांवर कारखाना आणि टाउनशिप उभी राहिली त्या छत्तीसगढी कुटुंबांची तर गावेच गेली होती. म्हणजे जवळजवळ सगळेच उपरे. माझा धाकटा भाऊ झाला तेव्हा आजीला गावाहून यायला जमले नाही. आईला तेलाने चोळणे आणि शेक देणे शेजारच्या तेलुगू काकूंनी केले. आईला तेलुगूचा एक शब्द येत नव्हता आणि काकूंना मराठीचा. दोघींची हिंदी सारखीच मोडकीतोडकी, पण त्यावर चाळीस वर्षांची मैत्री उभी राहिली. आमच्या घरचे डिंकाचे लाडू त्यांच्याकडे आणि त्यांच्याकडची गोंगुराची चटणी आमच्याकडे, हा व्यवहार दोन्ही घरे क्वार्टर सोडेपर्यंत चालला.

पुरुषांचे जग पाळीचे होते. आठ तास एकाच टोळीबरोबर काम करायचे, एकत्र डबा खायचा, सायकली एकत्र हाकत घरी यायचे. एखादा दोन दिवस कामावर आला नाही तर तिसऱ्या दिवशी कोणीतरी दारात उभा राही. बायकांचे हळदीकुंकू, भजन, भिशी. मुलांची नाटके. आणि वर्षातून एकदा गणपती. रायपूर, दुर्ग, भिलाईची महाराष्ट्र मंडळे अशाच गरजेतून वाढली. आपल्याप्रमाणेच बंगाल्यांनी दुर्गापूजा, मल्याळ्यांनी ओणम आणि आंध्रच्या लोकांनी बालाजी इथे आणला. भिलाईला लघुभारत म्हणतात. हे नाव सरकारी भाषणातले वाटते, पण ते ज्यांनी खरे करून दाखवले ती बाहेरून आलेली, एकटी पडलेली माणसे होती.

एक आठवण इथे नोंदवतो. आमच्या ओळीतल्या एका घरचा कर्ता माणूस तापाच्या दुखण्याने अचानक गेला. पदरात दोन मुले. तेरावे झाल्यावर पाहुणे परतले आणि बाई घरात एकट्या राहिल्या. बोलेनात, जेवेनात. भजनी मंडळाच्या चार बायकांनी तेव्हा एक पद्धत सुरू केली. रोज दुपारी कोणीतरी एक जण आपली डाळ किंवा तांदूळ घेऊन त्यांच्याकडे निवडायला बसायची. समजूत घालायची नाही, उपदेश करायचा नाही. काही दिवसांनी त्या बाईंनी सूप हातात घेतले. पुढे महिन्याभराने बोलू लागल्या. या बायकांपैकी एकीनेही मानसशास्त्राचे पुस्तक पाहिलेले नव्हते.

ही जुनीच रीत

परगावी गेलेल्या मराठी माणसाने आधार बांधण्याची रीत भिलाईत शोधून काढलेली नाही. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार एकेका गावाची खोली भाड्याने घेत. दहा-वीस माणसे पाळीपाळीने तिथेच झोपत. खानावळवाली बाई त्यांना जेवू घाली आणि पगार होईपर्यंत थांबे. गावाकडची आई आजारी असल्याची बातमी पत्राने या खोलीवर येई, आणि ती वाचून दाखवताना शेजारी गावचीच माणसे असत. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. १८ जानेवारी १९८२ रोजी अडीच लाखांच्या आसपास कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा पगार बंद झालेल्या घरांना उसनवारीचा, गावाकडच्या धान्याचा आणि शेजाऱ्यांचा आधार होता. तो सगळ्यांना पुरला नाही हेही खरे.

लोकमान्यांनी १८९३ पासून गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले, त्यामागचा हेतू राष्ट्रीय होता. पण उत्सवाचा दुसरा एक परिणाम आपोआप झाला. चाळीतल्या माणसाला वर्षातून दहा दिवस एक काम, एक जागा आणि एक ओळख मिळाली. मंडप घालणारा, आरास करणारा, प्रसाद वाटणारा, पावत्या फाडणारा असा प्रत्येकजण कुणाला तरी हवा असतो. ‘मी कुणाला तरी हवा आहे’ ही भावना मनासाठी किती मोलाची असते ते संशोधकांनी पुढे मोजून दाखवले.

अभ्यासक काय सांगतात

फ्रान्समधले समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खाइम यांनी १८९७ मध्ये आत्महत्येवर ग्रंथ लिहिला. माणूस कुटुंबाशी, धर्मसमूहाशी आणि समाजाशी किती बांधलेला आहे त्यावर समाजातले आत्महत्येचे प्रमाण कमी-जास्त होते, असे त्यांनी आकडेवारीच्या आधारे मांडले. ही गोष्ट तोवर केवळ व्यक्तीच्या मनाची समजली जात होती.

स्थलांतरितांचा अभ्यास नॉर्वेच्या अदेगार्ड यांनी केला. नॉर्वेतून अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात गेलेल्या लोकांमध्ये गंभीर मानसिक आजारामुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण मायदेशातल्या लोकांपेक्षा अधिक आहे, असे त्यांनी १९३२ मध्ये दाखवले. परमुलूख मनाला जड जातो याचा हा जुना पुरावा. पण त्याला पुढे एक महत्त्वाची जोड मिळाली. २००१ मध्ये दक्षिण लंडनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथल्या अल्पसंख्य समाजांत स्किझोफ्रेनियाचे नवे रुग्ण कुठे अधिक आढळतात हे वस्तीवार पाहिले गेले. ज्या वस्तीत आपल्यासारखी माणसे कमी, तिथे धोका जास्त आणि जिथे आपल्यासारखी माणसे बरीच, तिथे धोका कमी असे दिसले. परमुलखात मंडळ काढणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावे.

लंडनमध्येच जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांनी कॅम्बरवेल भागातल्या स्त्रियांचा अभ्यास करून १९७८ मध्ये पुस्तक लिहिले. मोठे संकट आलेल्या सगळ्याच स्त्रिया नैराश्यात जात नाहीत. मग कोण जाते? जिला मनातले बोलायला जवळचे कोणी नाही, जिच्या घरात तीन किंवा अधिक लहान मुले आहेत, जिला घराबाहेर काम नाही आणि जिची आई अकरा वर्षांच्या आत गेली, अशा स्त्रीला धोका अधिक. यातले पहिले कारण फार महत्त्वाचे ठरले. मन मोकळे करण्याजोगे एक जवळचे माणूस असले तरी संकट पचवणे पुष्कळ सोपे होते.

१९७६ मध्ये सिडनी कॉब या अमेरिकन डॉक्टरांनी सामाजिक आधाराची सोपी फोड केली. माझ्यावर कोणाची तरी माया आहे, मला मान आहे, आणि परस्परांच्या देण्याघेण्याने बांधलेल्या समूहात मी आहे, या तीन गोष्टींची खात्री म्हणजे आधार. आमची भिशी आणि डिंकाचे लाडू यांचे वर्णन मला इथे सापडले. पुढे १९८५ मध्ये कोहेन आणि विल्स यांनी तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन सांगितले की आधार दोन प्रकारे काम करतो. चार माणसांत असण्याचा फायदा नेहमीच मिळतो, संकट असो वा नसो. दुसरा प्रकार ढालीसारखा. संकट आले तर कोणीतरी धावून येईल हा विश्वासच संकटाचा घाव कमी करतो, मग प्रत्यक्षात कोणाला बोलवावे लागो वा न लागो.

शरीरावरही परिणाम होतो. कॅलिफोर्नियातल्या अलामिडा परगण्यातल्या ६,९२८ प्रौढांची नऊ वर्षे माहिती ठेवली गेली. बर्कमन आणि साइम यांनी १९७९ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. ज्यांचे लागेबांधे सर्वांत कमी त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण, भरपूर लागेबांधे असलेल्यांच्या तुलनेत, पुरुषांत २.३ पट आणि स्त्रियांत २.८ पट आढळले.

इथे एक सावधगिरी हवी. आजारी पडलेला माणूस स्वतःच लोकांपासून दूर जातो, म्हणून एकटेपणा हे कधी कारण असते तर कधी परिणाम. शिवाय गर्दी म्हणजे आधार नव्हे. टोमणे मारणारे, तुलना करणारे आणि चौकशीच्या नावाखाली चघळणारे लोक मनाला इजाच करतात. आणि आधार औषधाची जागा घेत नाही. मधुमेहाच्या रोग्याला शेजाऱ्यांचे प्रेम हवे आणि इन्सुलिनही हवे, तसेच हेही.

किल्लारीची पहाट

महाराष्ट्राने शेजार तुटण्याचे दुःख एका मोठ्या आपत्तीत पाहिले. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, वेळ ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसे नुकतीच झोपली होती. लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावे भूकंपाने जमीनदोस्त झाली आणि हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली.

मदत उदंड आली. ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. जमीनधारणेनुसार २५०, ४५० किंवा ७५० चौरस फुटांची पक्की घरे मिळाली. रस्ते रुंद, ओळी सरळ. भूकंपाच्या दृष्टीने घरे मजबूत होती. पण अभ्यासकांनी आणि गावकऱ्यांनीही पुढे एक गोष्ट बोलून दाखवली. जुन्या गावात गल्ली, वाडा, पार, ओटा यांच्यामुळे माणसे एकमेकांच्या नजरेत असत. नव्या आखणीत भावकी विखुरली, जुने शेजार मोडले, म्हातारी माणसे दूरच्या ओळीत एकटी पडली. आप्त गमावलेल्या माणसाला ज्याच्यापाशी रडावे ते घरही लांब गेले.

याच भूकंपानंतर एक आशादायक कामही झाले. ज्या शेकडो गावांत घरे दुरुस्त करायची होती तिथे स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावातल्याच बायकांना संवाद सहाय्यक म्हणून उभे केले. घरोघर जायचे, दुरुस्तीची माहिती द्यायची, अडचणी विचारायच्या हे त्यांचे काम. भिंती दुरुस्त करण्याच्या निमित्ताने विचारपूस सुरू झाली, आणि त्या गटांतल्या अनेक जणी पुढे बचतगटांतून एकत्र राहिल्या.

जपानमध्ये १७ जानेवारी १९९५ रोजी कोबे शहरात भूकंप झाला. तिथे तात्पुरती घरे देताना वृद्धांना अग्रक्रम दिला आणि वाटप सोडतीने केले. हेतू चांगला होता, पण त्यामुळे वर्षानुवर्षांचे शेजारी वेगवेगळ्या वसाहतींत गेले. पुढच्या काही वर्षांत त्या घरांमध्ये दोनशेहून अधिक माणसे कोणाच्याही नकळत एकटी मरण पावली. या अनुभवातून शिकून जपानमध्ये नंतरच्या आपत्तींत शेजाऱ्यांना एकत्र हलवण्याचा विचार सुरू झाला. किल्लारी आणि कोबे इथे जे भूकंपाने एका पहाटेत झाले, ते आपल्याकडे तीस वर्षांत हळूहळू झाले आहे.

भिलाईत काय बदलले

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी १९९३ पासून भिलाईत अनेक वर्षे राहून अभ्यास केला. त्यांचा या कामगारनगरीवरचा मोठा ग्रंथ २०२० मध्ये आला. त्याआधी २०१२ मध्ये त्यांनी भिलाईतील आत्महत्यांवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. वीसएक वर्षांत इथले प्रमाण लक्षणीय वाढले, आणि विशेष म्हणजे त्याची झळ सर्वांत गरीब मजुरांपेक्षा कायम नोकरी असलेल्या सुस्थितीतल्या कामगार कुटुंबांना अधिक बसली, असे त्यांनी मांडले. वडिलांना प्लांटमध्ये चांगला पगार, क्वार्टर, दवाखाना सारे मिळाले. १९९१ नंतर भरती आटली, ठेकेदारी वाढली. आपल्या मुलांना तेच आयुष्य मिळणार नाही ही भीती या घरांत शिरली. एका माणसाच्या आत्महत्येला एकच कारण कधीच नसते. तरी पॅरींनी सांगितलेली ही भीती आपण सर्वांनी जवळून पाहिलेली आहे.

पोटाची चिंता उघड बोलता येते. मुलाला नोकरी लागत नाही, परीक्षेत तीनदा अपयश आले, घरात कोणाचे मन ताळ्यावर नाही, हे बोलायला आपल्याला लाज वाटते. सुस्थितीतल्या घराला झाकायचे पुष्कळ असते. आणि झाकणारा माणूस आपोआप एकटा पडतो.

त्यात राहणीही बदलली. निवृत्तीनंतर क्वार्टर सुटते. रुळांच्या आणि जी. ई. रोडच्या पलीकडे आपण वैशाली नगरात घरे बांधली. स्वतःचे घर झाले याचा आनंद मोठाच, पण पाळीची टोळी सुटली, ओळीतले शेजारी दुर्ग, रायपूर, नागपूर, विशाखापट्टणम असे पांगले. मुले पुण्याला, बंगळुरूला, कोणी अमेरिकेत. पूर्वी क्वार्टरचे दार संध्याकाळी उघडे असे. आता लोखंडी फाटक, त्यावर कुलूप आणि आत दोन म्हातारी माणसे. त्यातले एक गेले की आत एकच. फोनवर मुलगा रोज बोलतो, हे चांगलेच आहे. पण डोळे सुजलेले फोनवर ऐकू येत नाहीत.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत झाले, त्यात छत्तीसगढ होते. दर शंभर प्रौढांमागे दहा-अकरा जणांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता आणि नैराश्य, चिंता यांसारख्या नेहमीच्या आजारांत बहुसंख्य लोकांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. आपल्या मंडळाच्या सभासद यादीला हे प्रमाण लावून पाहावे.

महाराष्ट्राचे काही प्रयोग

आधार ठरवून उभा करता येतो का? येतो. पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांची त्यांना साथ होती. दारू सोडलेली माणसेच नव्या रुग्णाला आधार देतात, ही तिथली पद्धत. रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट आहे. नवऱ्याचे व्यसन लपवत वर्षानुवर्षे एकटी पडलेली बाई तिथे पहिल्यांदा ‘माझ्यासारख्या आणखी आहेत’ हे पाहते.

धुळ्याचे जगन्नाथ वाणी कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात प्राध्यापक होते. पत्नीच्या स्किझोफ्रेनियाशी त्यांच्या कुटुंबाने दीर्घकाळ सामना केला. ते दुःख झाकून न ठेवता त्यांनी १९९७ मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू करण्यात पुढाकार घेतला. रुग्णांचे नातेवाईक तिथे एकत्र बसून बोलतात. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा २००४ चा चित्रपट याच कामाच्या प्रेरणेतून झाला. परदेशी गेलेल्या एका मराठी माणसाने हे मायदेशासाठी केले, याचा आपल्यासारख्या बाहेर राहणाऱ्यांना अभिमान वाटायला हवा.

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात २०१३ पासून ‘आत्मीयता’ हा प्रकल्प झाला. गावातल्याच, लोकांचा विश्वास असलेल्या माणसांना खिन्न, चिंताग्रस्त शेजारी ओळखणे, त्याचे शांतपणे ऐकून घेणे आणि गरज पडल्यास दवाखान्यात पोहोचवणे शिकवले गेले. अमरावती जिल्ह्यात ३० गावांत, सुमारे एक लाख लोकवस्तीत, ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम झाला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. गोव्यात सरकारी आरोग्य केंद्रांत प्रशिक्षण दिलेल्या सामान्य समुपदेशकांच्या मदतीने रुग्ण अधिक प्रमाणात बरे झाले, हे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. या सगळ्यांत प्रशिक्षित केलेली माणसे डॉक्टर नव्हती. ती आपल्यासारखीच होती, फक्त त्यांना ऐकायला शिकवले होते.

वर्गणीच्या फेरीचा एक उपयोग

आता आपल्यापुरते बोलतो. गणेशोत्सव समितीजवळ एक गोष्ट अशी आहे जी कोणत्याही दवाखान्याजवळ नाही. आपण वर्षातून एकदा प्रत्येक घराची बेल वाजवतो. पावती पुस्तक ही आपल्या वस्तीतल्या घरांची सर्वांत पक्की यादी आहे. कोणत्या घरात म्हातारे जोडपे आहे, कुठे काकू एकट्या आहेत, कोणाचा मुलगा बाहेर पडणे बंद झाला आहे, हे वर्गणीच्या फेरीला जाणाऱ्या पोरांना ठाऊक असते. ती माहिती पावतीच्या आकड्याखाली दडून जाते.

माझी सूचना साधी आहे. याच यादीवरून आणखी दोन फेऱ्या काढाव्यात, एक मकरसंक्रांतीला तिळगूळ घेऊन आणि एक उन्हाळ्यात, पावती पुस्तक घरी ठेवून. दोघे-दोघे जावेत, दहा मिनिटे बसावे. ‘कसे आहात’ विचारून उत्तराची वाट पाहावी. ज्यांच्याकडे नुकताच मृत्यू झाला, ज्यांची नुकतीच निवृत्ती झाली, नवी बाळंतीण, नवी आलेली सून, परीक्षेत अपयश आलेला मुलगा, घरात मानसिक आजार असलेले कुटुंब, ही घरे आधी घ्यावीत. निवृत्तांना केवळ सत्काराची शाल देऊ नये, काम द्यावे. हिशेब, मुलांची शिकवणी, आरतीची तालीम, काहीही. वर्गणी देऊ न शकणाऱ्या घरीही जावे. आणि मराठी-अमराठी भेद तर मुळीच नको. आमच्या आईला जगवणाऱ्या काकू तेलुगू होत्या.

कोणी मनातले बोलले तर लगेच उपाय सांगायची घाई करू नये. ‘तुला काय कमी आहे’, ‘देवाचे नाव घे, सगळे ठीक होईल’ असे म्हणून त्याचे बोलणे तोडू नये. ऐकलेले दुसऱ्या घरी सांगू नये. झोप उडाली आहे, जेवण तुटले आहे, जगण्यात अर्थ नाही असे कोणी म्हणत असेल तर ते गंभीरपणे घ्यावे, त्याला एकटे सोडू नये आणि डॉक्टरांकडे बरोबर जावे. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झाली आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून ती चोवीस तास उपलब्ध असते. हा क्रमांक मंडपाच्या फलकावर आरतीच्या वेळापत्रकाशेजारी लिहावा, अशी मी समितीला विनंती करतो.

आपल्या आईवडिलांची पिढी इथे आली तेव्हा त्यांच्याजवळ पैसा नव्हता, नातेवाईक नव्हते, भाषाही नव्हती. त्यांनी शेजार उभा केला आणि त्यावर आपण वाढलो. ज्यांनी तो उभा केला तेच आता फाटकाच्या आत एकटे बसले आहेत. त्यांची बेल वाजवण्याची पाळी आता आपली.

श्रीगजानन सर्वांना निरोगी शरीर आणि स्वस्थ मन देवो, हीच प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!